मोडीत आलेली इंजिनं

लोणावळ्याच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान होतं, आणि त्या दुकानातल्या हंड्यावर नख आपटलं तर तिकडे खंडाळ्याच्या देवळातला गुरव आरतीची वेळ झाली म्हणून धडपडत उठायचा. एकदा तर तो भांडायलाही आला होता, नारळ देऊन त्याची समजूत घालावी लागली. आम्ही तांबट. जन्मभर ठोकाठोक केल्यामुळे आमच्या घरात सगळ्यांचे आवाज दांडगे आणि कान निकामी. माझ्या वडिलांनी आईकडे पाणी मागितलं की आळीतल्या प्रत्येक घरातून तांब्या यायचा. खोटं बोलायची मला सवय नाही. मी खरं तेच सांगतो, फक्त जरा मोठ्यानं.

पण मी सांगतो आहे ते दिवस दुसऱ्या लढाईचे, आणि त्या दिवसांत माझ्या दुकानाला आवाज उरला नव्हता. पितळेचा पत्रा मिळेना. जगातलं सगळं पितळ काडतुसांच्या पोटात जात होतं, आणि काडतुसं कुणाच्या पोटात जात होती ते वर्तमानपत्रात येत होतं. माझे कारागीर एकेक करून दारूगोळ्याच्या कारखान्यात भरती झाले. पितळेची चणचण अशी की आमच्या आळीतला एक गृहस्थ चोराच्या भीतीनं देवघरातली घंटा कमरेला बांधून निजायचा, आणि त्यानं कूस बदलली की घरातले झोपेतच हात जोडायचे. लोकांच्या घरी कुणी ना कुणी गावाला गेलेलं असायचं, लढाईवर गेलेलं असायचं किंवा तापानं गेलेलं असायचं. भट्टीसमोर मी आणि मांजर, दोघं बसून राहायचो.

नवा माल नव्हता, तरी मोड मात्र येत होती. जुनी, फुटकी भांडी वजनावर घ्यायची आणि बदल्यात नवं भांडं द्यायचं, त्या जुन्या मालाला आम्ही मोड म्हणतो. ती मुंबईला जायची, वितळून पत्रा होऊन परत यायची. आता जायची ती जायचीच. त्यामुळे मोड घेणं म्हणजे आहे ते नवं भांडं गमावून बसणं, हे मला कळत होतं, आणि बाजारातले बाकीचे दुकानदार तर मोड घेऊन कुणी येताना दिसलं की आतूनच 'मालक बाहेर गेलेत' असं स्वतःच्या तोंडानं ओरडायचे.

मोड घेण्याची आमची एक रीत होती. पहिला घाव मालकानं स्वतःच्या हातानं घालायचा. भांडं ऐरणीवर ठेवायचं आणि हातोडा त्याच्या हातात द्यायचा. एकदा पोचा पडला की ते भांडं संपलं, नुसता धातू उरला. मग रडारड नाही, परत मागणं नाही. या रीतीचा मला आणखी एक उपयोग व्हायचा. चोरीचा माल आणणारा माणूस हातोडा घेतो आणि धाडकन मारतो. ज्याचं भांडं असतं तो जरा थांबतो. थांबला की मी बिनघोर माल घ्यायचो.

त्या वर्षी लग्नसराईच्या तोंडावर कुरवंड्याहून दोघं माझ्याकडे आली. एक म्हातारा आणि त्याची विधवा सून. म्हातारा पूर्वी घाटात आगगाडीचं इंजिन चालवायचा. घाटात विजेच्या तारा आल्या, वाफेची इंजिनं गेली, तसा तोही घरी बसला. उंच, वाळका, आणि भुवया अशा की त्यांत चिमण्यांनी बिऱ्हाड केलं असतं तरी त्याला पत्ता लागला नसता. सगळे त्याला आबाच म्हणत. त्याचा एकुलता एक मुलगा घाटातच इंजिनावर आगवाला होता, कोळसा टाकायचा. तो चालत्या इंजिनावरून पडून मेला, एवढं आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा त्याची मुलगी पाळण्यात होती. आता तिचं लग्न ठरलं होतं.

सुनेच्या डोक्यावर पाटी होती, आबांच्या काखेत गोधडीत गुंडाळलेलं गाठोडं. दोन्ही माझ्यासमोर ठेवली आणि सोडली, आणि मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलो.

हातहातभर लांबीची दोन पितळी इंजिनं. आबांनी स्वतः घडवलेली. शेडातल्या कोणत्या भंगारातून पितळ घरी आलं ते मी विचारलं नाही, विचारायचं नसतं. पण काय काम होतं. चाक फिरवलं की दांडे पुढं-मागं होत, कोळशाच्या डब्याचं झाकण उघडत होतं, भट्टीच्या दाराला तांदळाएवढी कडी. मी पाच पिढ्यांचा तांबट, पण ती कडी बघून माझी बोटं मला हातमोज्यासारखी जाड वाटायला लागली.

"मोडीत घ्या," आबा म्हणाले.

"मोडीत?" मी म्हणालो. "आबा, देवाची मूर्ती कुणी मोडीत घालतं का?"

"देव न्हाईत ते. पितळ हाय. घ्या, अन् हंडा-कळशी द्या."

सुनेनं मग नीट सांगितलं. मुलगी कामशेतजवळच्या कान्हे गावात द्यायची ठरली होती. त्या माणसांनी हुंडा मागितला नव्हता, दागिना मागितला नव्हता. फक्त पितळेचा नवा हंडा आणि कळशी मागितली होती, कारण लढाईच्या दिवसांत नव्या पितळेचा हंडा ज्याच्या दारात, त्याची गावात मान वर. बाजारात कुठंच मिळेना. आणि त्यांच्याकडे दुसरं एक स्थळ सांगून आलं होतं, त्या मुलीच्या घरी हंडा होता.

"कामशेतला गेलतो, तळेगावला गेलतो," ती म्हणाली. "समदे म्हनत्यात न्हाई. तुमच्या माळ्यावर भाताच्या पेंढ्यात एक जोड लपवलाय, असं लोकं बोलत्यात."

"लोकांचं काय, लोक काहीही बोलतात."

"डाव्या अंगाच्या पेंढ्यात, असं बी बोलत्यात."

आता लोकांना एवढं माहीत असेल तर पुढं काय बोलणार. होता. एकच जोड होता. तो गेला की दुकानात विकायला मांजर तेवढं उरणार होतं.

आता माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगतो. खंडाळ्याला बंगला असलेले एक शेठ होते, त्यांना आगगाडीचं वेड. दिवाणखान्यात सिग्नलचा हात टांगलेला, आणि जेवणाची वेळ झाली की नोकर तो खाली करायचा, असं म्हणत. माझं म्हणणं नाही, लोकांचं. त्या शेठच्या मेव्हण्याचा मुंबईत पत्र्याचा व्यापार. ही दोन इंजिनं शेठच्या पुढ्यात ठेवली असती तर त्यांनी मेव्हण्याचा हात पिरगाळून मला पत्रा मिळवून दिला असता. भट्टी पेटली असती. पण तीच इंजिनं मोडीत घेतली, तर माझा शेवटचा जोड जाणार आणि बदल्यात पितळेचा चेंदामेंदा. अख्खी घेतली तर माझं सोनं, मोडीत घेतली तर माती. माझ्यापुरता विचार केला तर अवघड काहीच नव्हतं.

"आबा," मी म्हणालो, "अशीच द्या मला. हंडा-कळशी देतो, वर घंगाळ देतो."

"अशी म्हंजी?"

"अख्खी. खंडाळ्याला एक शेठ आहेत. काचेच्या कपाटात ठेवतील. येणारे-जाणारे बघतील."

"न्हाई," आबा म्हणाले. "हितं, माझ्यासमोर मोडायची. न्हाईतर चाललो."

"आवो, बंगल्यात जाऊ द्या न्हाईतर भट्टीत जाऊ द्या," सून म्हणाली. "आपल्याला हंडा पायजे. वर घंगाळ बी देत्यात."

"बंगल्यात न्हाई."

"का न्हाई पर?"

आबा गोधडीची घडी घालायला लागले. तिनं माझ्याकडे पाहून कपाळावर हात मारला. "असंच हाय. घरात बी ही दोन इंजिनं दोन कोनाड्यात. येक हिकडं, येक तिकडं. रोज फडक्यानं पुसायची, अन् मानसासंगं बोलायचं न्हाई. भिंतीसंगं लगीन लागलं असतं तर आमच्यापरीस बरं झालं असतं."

मग मी व्यापाऱ्याचं शेवटचं हत्यार काढलं. माल घ्यायचा असेल तर त्यात खोड काढायची. मी एक इंजिन उचललं, दुसरं उचललं, चष्मा लावला, चष्मा काढला. खोड सापडेना. मग सापडली. दोन्ही इंजिनं अगदी एकसारखी होती, पण एकाच्या टपावर शिट्टीची इवलीशी नळी होती, दुसऱ्याच्या टपावर नव्हती. नुसतं भोक, तेही बुजवलेलं.

"याला शिट्टी नाही, आबा. अर्धवट माल."

"मागलं इंजिन हाय ते," आबा म्हणाले.

घाट चढताना गाडीला दोन इंजिनं लागत, एक पुढं ओढायला आणि एक मागून ढकलायला, हे लोणावळ्यातल्या शेळ्यांनाही माहीत होतं. पण शिट्टी तर दोघांनाही असायची. एक वाजवायचं, दुसरं उत्तर द्यायचं, आम्ही ती बाजारात बसून ऐकलेली.

"मागच्यालाही शिट्टी असते."

"ह्याला न्हाई," आबा म्हणाले, आणि ऐरणीकडे बघायला लागले.

मी तेव्हा जे ठरवलं ते माझ्या हुशारीला शोभेलसंच होतं. म्हटलं, मोडीत तर मोडीत. घाव घालायचा आहे ना, मग तो मी सांगेन तिथं घालायला लावू. कोळशाच्या डब्यावर एक बारीक पोचा, आतून ठोकून मी तो असा काढला असता की शेठच्या बापालाही दिसला नसता. रीतही राहिली, हंडाही गेला, इंजिनंही राहिली. मी माळ्यावर चढलो, डाव्या अंगाच्या पेंढ्यातून जोड काढला आणि खाली आणून सुनेपुढं ठेवला. तिनं हंड्याच्या पोटात हात घातला, आतून चाचपला, काठाला बोट लावलं. पहिल्यांदाच तिचा चेहरा जरा सैल झाला.

पुढचं इंजिन मी ऐरणीवर ठेवलं आणि आबांच्या हातात हातोडा दिला. "इथं, या डब्यावर. हलकेच. रीतीपुरता."

आबा थांबले नाहीत. माझ्या आजवरच्या अनुभवाप्रमाणे थांबायला हवे होते. त्यांनी हातोडा वर नेला आणि डबा सोडून सरळ धुराड्यावर घातला, मग बॉयलरच्या पाठीवर, मग पुन्हा. दांडे सुटले, एक चाक घरंगळत मांजरापर्यंत गेलं. त्यांचं सगळं आयुष्य त्यावर गेलेलं आणि ते असं चेचत होते जणू विंचू सापडला आहे. मी तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं.

"आता दुसरं," सून म्हणाली.

मी मागचं इंजिन ऐरणीवर ठेवलं. आबांनी हातोडा उचलला, आणि तो वर गेलाच नाही.

मला वाटलं, चला, एक तरी वाचलं. "राहू द्या, आबा," मी म्हणालो. "हे असंच घेतो. रीत झाली म्हणू."

"न्हाई. मोडायचं हाय." आबा म्हणाले, "पर ह्याच्यावर माझा हात दुसऱ्यांदा चालायचा न्हाई."

"दुसऱ्यांदा?" सून म्हणाली. "पयल्यांदा कवा चालला?"

आबांनी हातोडा ऐरणीवर आडवा ठेवला. आणि मग जे बोलले ते माझ्याशी बोलले, तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. दुकानात ती माझ्यापेक्षा त्यांच्या जवळ उभी होती.

"पावसाचं दिस. बोगद्यात रूळ पाझरत व्हते. माझी चाकं जागच्या जागी फिराया लागली, गाडी पुढं जाईना. मी पुढल्या इंजिनावर, पोरगा मागल्यावर. माझा समदा धूर बोगद्यात, अन् मागलं इंजिन त्या धुरात. त्याचा डायवर ओलं फडकं तोंडाला लावून खाली आडवा झालता. पोरगा उभा, आग घालत. तवा मागनं शिट्टी आली."

"कुनाची?" सून म्हणाली.

"त्याचीच. त्याची वढायची ढब मला ठावी व्हती. वाफ कमी कर, म्हनत व्हता. धूर कमी कर. परत आली. लय लांब आली. वाफ कमी केली असती तर गाडी मागं घसरली असती. डब्यांत मानसं व्हती. मी वाफेचा दांडा सोडला न्हाई. मंग शिट्टी आलीच न्हाई."

बाहेर बाजारात कुणीतरी शेंगा विकत होता. तो ओरडत होता ते ऐकू येत होतं, आणि मला वाटत होतं कुणीतरी जाऊन त्याला गप्प करावं.

"तोल जाऊन पडला म्हनला व्हता तुमी," सून म्हणाली.

"पडलाच. गुंगी आली अन् पडला."

"शिट्टीचं न्हाई सांगितलं."

"न्हाई."

"सासूबाईंना?"

"तिला बी न्हाई."

आरडाओरडा व्हायला हवा होता. आमच्या घरात असं काही झालं असतं तर खंडाळ्याच्या गुरवानं घंटा काढून ठेवली असती. ती मात्र नुसती उभी राहिली. तिच्याकडे बघून मला हे सगळं लवकर संपावं असं झालं, आणि मी आयुष्यातला सगळ्यात वेडा सौदा केला. खरं सांगायचं तर त्या वेळी शेठही आठवले नाहीत, पत्राही आठवला नाही.

"वहिनी, हंडा-कळशी घ्या आणि निघा. हे इंजिनही घरी न्या. त्या एकाच्या मोडीत भागलं."

तिनं मान हलवली. "अर्ध्या मोडीत पुरा जोड घेतला, तर उद्या कान्ह्याची मानसं म्हनतील भीक घातली. अन् हे घरी आलं तर आबा परत कोनाड्यात ठेवत्याल. पुसत बसत्याल." तिनं पदर कमरेला खोचला. "मला त्यो कोनाडा बगायचा न्हाई."

"घाव मालकानं घालायचा असतो," मी पुटपुटलो. मला काहीतरी बोलायचं होतं एवढंच.

"मालक मेला," ती म्हणाली. "मी हाय की."

सौद्याला एक घाव पुरतो. तिनं किती घातले ते मी पाहिलं नाही. मी माळ्याच्या शिडीकडे तोंड करून उभा होतो. आवाज थांबला तेव्हा वळलो. ऐरणीवर जे उरलं होतं त्याला इंजिन म्हणण्यासारखं काही नव्हतं. आबा उठून दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले होते, आमच्याकडे पाठ करून.

आता भांड्यावर नाव घालायचं राहिलं होतं. लग्नात द्यायच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव टोचून घालायचं असतं, नाहीतर वरपक्षाला ते भाड्यानं आणलेलं किंवा मागून आणलेलं वाटतं. मी पोगर, म्हणजे अक्षरं टोचायची बारीक छिन्नी, आणि छोटी हातोडी घेतली, हंडा मांडीवर आडवा धरला आणि विचारलं, "नाव कुणाचं?"

हा प्रश्न मी हजारदा विचारला असेन, पण विचारल्यावर लक्षात आलं की याला उत्तर नाही. मेलेल्या बापाचं नाव लग्नाच्या भांड्यावर घालत नाहीत, अशुभ. सासरा जिवंत असताना विधवा सुनेचं नाव घातलं तर गाव तोंडात शेण घालेल. कोरा द्यावा तर कान्ह्याची माणसं नाक मुरडणार आणि ते दुसरं स्थळ हंडा घेऊन दारात उभंच होतं. राहिलं एकच नाव.

"आबा," मी पायरीकडे बघून हाक मारली, "नाव सांगा. सगळे आबाच म्हणतात, कागदावरचं नाव मला ठाऊक नाही."

पाठ हलली नाही.

"आबा, नाव."

मग मी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. कारण आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही आणि सासऱ्याचं तर घेतच नाही. त्या नावाची भाजी असली तर तिला दुसरं नाव ठेवतात, त्या नावाचा शेजारी असला तर त्याला 'ते पलीकडचे' म्हणतात. वीस घरांच्या गावात आयुष्य काढून एक नाव एकदाही तोंडातून न काढणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत, आणि यात मी काहीही वाढवून सांगत नाही.

तिनं ते नाव घेतलं. पुढं आबा नाही, मागं राव नाही. कचेरीतला पट्टेवाला दारात उभा राहून आरोपीला पुकारतो तसं, मधल्या बापाच्या नावासकट, आडनावासकट, स्वच्छ आणि मोठ्यानं. पायरीवरचा म्हातारा, कुणी मागून ढकलावं तसा पुढं झुकला आणि पुन्हा सरळ झाला.

मी अक्षरं टोचायला घेतली. माझं अक्षर चांगलं, बाजारात नावाजलेलं. त्या दिवशी ओळ तिरकी गेली. तिनं पाहिलं, बोट फिरवलं आणि म्हणाली, "चालंल. वाचता येतंय."

हंडा डोक्यावर, कळशी काखेत घेऊन ती निघाली. आबा उठून तिच्यामागून चालायला लागले. तिनं वळून पाहिलं नाही की थांबली नाही, आणि म्हाताऱ्याचं चालणं मंद होतं.

लग्नाला मला बोलावणं होतं. गेलो. जिलबी मी किती खाल्ली ते सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून या एकाच बाबतीत गप्प राहतो. भांडी मांडवात मांडली होती. नवरदेवाचा चुलता एकेक भांडं उचलून त्यावरचं नाव मांडवाला वाचून दाखवत होता. हंड्याशी आला तेव्हा त्यानं तो दोन्ही हातांनी वर धरला, आणि नव्या पितळेला बघून लोकांत कुजबुज झाली. त्यानं नाव वाचलं. मग आबांना पुढं बोलावलं, पाटावर बसवलं आणि एवढा मोठा आहेर करणारा आजा म्हणून मानाचं पागोटं बांधलं. आबांनी मान खाली घालून ते बांधून घेतलं.

सून मांडवात नव्हती. विधवा बाई मांडवात यायची नाही. ती मागच्या चुलाण्यावर भात करत होती, आणि नाव वाचलेलं तिला तिथं ऐकू गेलं असणार, कारण चुलत्याचा आवाज जवळजवळ आमच्या घराण्याला शोभेल इतका मोठा होता. पंगत बसली तेव्हा तिनं पहिलं ताट वाढून एका बाईच्या हाती आबांकडे पाठवलं. ते पागोटं घालून तसेच बसले होते. ताट समोर आलं. त्यांनी एक घास घेतला, नंतर दुसरा, आणि सगळं ताट संपेपर्यंत जेवले.